'दॅट' गाळला तर चालेल का? इंग्रजी वाक्यातले छोटे जोडशब्द



गेल्या सत्रातल्या घटक चाचणीची गोष्ट. सातवीला भाषांतरासाठी एक सोपं वाक्य दिलं होतं, 'मला माहीत आहे की तू माझी मैत्रीण आहेस.' एका मुलीने लिहिलं, 'आय नो यू आर माय फ्रेंड.' मी सवयीने 'नो' आणि 'यू' यांच्या मध्ये लाल पेनाने काकपद केलं, वर 'दॅट' लिहिला आणि अर्धा गुण कापला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती उत्तरपत्रिका आणि वाचनकोपऱ्यातलं गोष्टीचं इंग्रजी पुस्तक, दोन्ही घेऊन आली. पुस्तकातल्या एका वाक्यावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, इथं पण दॅट नाहीये. मग यांचा पण अर्धा मार्क कापायचा का?"

शेजारी उभी असलेली मुलं हसली. मी "नंतर सांगते" म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मला नक्की उत्तर येत नव्हतं. 'दॅट म्हणजे की' हे मी माझ्या बाईंकडून शिकले होते आणि तेच पुढे शिकवत होते. 'की' आहे तिथे 'दॅट' हवाच, असं डोक्यात बसलेलं. त्या आठवड्यात व्याकरणाची पुस्तकं काढून बसले, मुलांच्या जुन्या वह्या चाळल्या, आणि जे हाती लागलं ते इथे लिहीत आहे. मोबाईलवर वाचायला सोपं जावं म्हणून इंग्रजी वाक्यंही देवनागरीतच दिली आहेत. फळ्यावर लिहिताना अर्थात रोमन लिपीतच लिहावीत.

आधी मराठीकडे पाहा. 'मला वाटतं की आज पाऊस येणार' असं आपण लिहितो. पण बोलताना? 'मला वाटतं आज पाऊस येणार.' 'की' कधी गळून पडला ते कळतही नाही, आणि कोणी त्याला चूक म्हणत नाही. इंग्रजीतही अगदी हेच होतं. थिंक, नो, से, होप, बिलीव्ह अशा रोजच्या वापरातल्या क्रियापदांनंतर 'दॅट' ठेवला तरी चालतो, नाही ठेवला तरी चालतो. 'आय थिंक इट विल रेन' आणि 'आय थिंक दॅट इट विल रेन' ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. बोलण्यात पहिलं जास्त ऐकू येतं, औपचारिक लेखनात दुसरं जास्त दिसतं. आय अॅम शुअर, आय अॅम ग्लॅड, आय अॅम सॉरी यांच्यानंतरही तसंच. 'आय अॅम सॉरी आय अॅम लेट' म्हणणाऱ्या मुलाला आपण 'सॉरीनंतर दॅट म्हण' असं कधी म्हटलंय का? म्हणजे त्या मुलीचा अर्धा गुण मी चुकीचा कापला होता.

पण म्हणून 'दॅट कुठेही गाळा' असं सांगून मोकळं होता येत नाही.

पहिली गोष्ट, क्रियापद कोणतं आहे ते पाहावं लागतं. से आणि थिंक ही रोजची, झिजून गुळगुळीत झालेली क्रियापदं. पण रिप्लाय, एक्स्प्लेन, व्हिस्पर, शाउट अशी क्रियापदं आली की इंग्रजी लेखक सहसा 'दॅट' ठेवतात. 'शी एक्स्प्लेन्ड दॅट द बस वॉज लेट' हे नीट वाटतं, 'दॅट' काढला की वाक्य लंगडतं. तसंच 'द फॅक्ट दॅट', 'द न्यूज दॅट' अशा नामानंतरचा 'दॅट' लेखनात ठेवलेलाच बरा.

दुसरी गोष्ट जास्त पक्की आहे. 'दॅट'ने सुरू होणारा भाग वाक्याच्या सुरुवातीलाच आला असेल, तर तो काढताच येत नाही. 'दॅट शी पास्ड सरप्राइज्ड अस ऑल.' यातला 'दॅट' झाका आणि वाचा. 'शी पास्ड', वाक्य इथेच संपलं असं वाटतं. पुढचं 'सरप्राइज्ड' कुठून आलं ते कळत नाही. मराठीत आपण म्हणतो 'ती पास झाली याचं आम्हाला आश्चर्य वाटलं', म्हणजे 'याचं' हा शब्द मागून येऊन दोन भाग बांधतो. इंग्रजीत बांधणारा शब्द आधी येतो. तोच काढला तर मोळी सुटते.

आणि तिसरी गोष्ट मला स्वतःला महागात पडली. आमच्या वर्गाच्या पालक गटावर काही सूचना इंग्रजीतून टाकायच्या असं ठरलं होतं. एका बुधवारी मी लिहिलं, 'द हेडमास्टर सेड ऑन मंडे द स्कूल वुड बी क्लोज्ड फॉर रिपेअर्स.' मला म्हणायचं होतं, येत्या सोमवारी दुरुस्तीसाठी शाळा बंद राहील. गुरुवारी चार मुलं आलीच नाहीत. त्यांच्या पालकांनी वाचलं होतं, सर सोमवारी म्हणाले की शाळा दुरुस्तीसाठी बंद राहणार. सोमवार तर होऊन गेला, म्हणजे बंद सुरू झाला! एका मुलाची आई शेतमजुरी सोडून दिवसभर घरी थांबली होती. तिची रोजी बुडाली ती माझ्या एका न लिहिलेल्या शब्दामुळे. 'सेड दॅट ऑन मंडे' लिहिलं असतं तर सोमवार सुट्टीला चिकटला असता. 'सेड ऑन मंडे दॅट' लिहिलं असतं तर सोमवार सांगण्याला चिकटला असता. 'दॅट' नसल्यामुळे तो मध्येच लोंबकळत राहिला. तेव्हापासून सूचना मराठीतच टाकते, हा भाग वेगळा.

असंच दुसरं उदाहरण वर्गात घेता येईल. 'शी सेड हर फादर वॉज इल अँड शी वॉज गोइंग होम.' आता ती घरी जात होती हे तिने सांगितलं, की लिहिणारा स्वतः आपल्याला सांगतोय? 'अँड दॅट शी वॉज गोइंग होम' केलं की शंका उरत नाही, दोन्ही गोष्टी तिच्याच तोंडच्या ठरतात. दोन 'की' असलेलं मराठी वाक्य भाषांतराला आलं तर दुसरा 'दॅट' तरी नक्की लिहा, असं मी आता मुलांना सांगते.

'दॅट' आणि 'की' यांची जोडी लावून दिल्याचा खरा तोटा मात्र वेगळाच आहे. मुलं 'दॅट' गाळतात यापेक्षा नको तिथे घुसवतात, तीच मोठी अडचण. वह्या चाळताना हे स्पष्ट दिसलं. 'त्याने विचारलं की तू कुठे राहतोस?' याचं भाषांतर बहुतेक वह्यांत असं होतं, 'ही आस्क्ड दॅट व्हेअर डू यू लिव्ह?' मराठीत 'की'नंतर प्रश्न जसाच्या तसा ठेवता येतो. कोणाचं बोलणं आहे तसं अवतरणचिन्हात ठेवलं तरी 'की' चालतो, 'तो म्हणाला की, "मी येतो."' इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी 'दॅट' चालत नाही. 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड' यात 'व्हेअर' हाच जोडणारा शब्द आहे. त्याच्या आधी 'दॅट' लावणं म्हणजे एकाच दाराला दोन कड्या. आणि 'ही सेड, "आय अॅम कमिंग"' यात स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं ते काम करतात. गुण कापायचेच असतील तर ते इथे कापावेत, असं माझं मत झालं आहे.

आता जो-जी-जे कडे वळू. मला वाटतं हा भाग आपल्याकडे सगळ्यात कमी शिकवला जातो, आणि मुलं सगळ्यात जास्त अडखळतात ती इथेच.

'मी विकत घेतलेलं पुस्तक हरवलं.' इंग्रजीत 'द बुक दॅट आय बॉट इज लॉस्ट' किंवा 'द बुक व्हिच आय बॉट इज लॉस्ट' किंवा नुसतं 'द बुक आय बॉट इज लॉस्ट'. तिन्ही बरोबर. पण 'ज्या मुलाने पुस्तक घेतलं तो माझा भाऊ आहे' यात 'द बॉय हू बॉट द बुक इज माय ब्रदर' मधला 'हू' काढता येत नाही. काढला तर 'द बॉय बॉट द बुक' हेच एक पूर्ण वाक्य होऊन बसतं आणि 'इज माय ब्रदर' अधांतरी राहतं.

मुलांना 'कर्ता असेल तर गाळू नका, कर्म असेल तर गाळा' असं सांगितलं की चेहरे कोरे होतात. मी एक सोपी खूण देते. हू, व्हिच किंवा दॅटवर बोट ठेवायचं आणि त्याच्या लगेच पुढचा शब्द पाहायचा. तिथे आय, यू, ही, माय मदर असं कोणीतरी उभं असेल तर बोटाखालचा शब्द काढला तरी चालेल. तिथे बॉट, इज, लिव्ह्ज असं क्रियापद उभं असेल तर हात लावायचा नाही. 'दॅट आय बॉट', पुढे 'आय', काढा. 'हू बॉट', पुढे 'बॉट', ठेवा. पाचवीच्या मुलांनाही हे दहा मिनिटांत जमतं. दोन अपवाद मात्र सांगून ठेवावेत. 'हूज' कधीच गळत नाही. आणि स्वल्पविराम देऊन जास्तीची माहिती सांगितलेली असेल, जसं 'माय आंट, हू यू मेट यस्टरडे, इज अ नर्स', तर तिथेही तो शब्द ठेवावाच लागतो, पुढे 'यू' असला तरी.

या भागात एक चूक मला वर्षानुवर्षं दिसत होती आणि तिचं कारण कळत नव्हतं. मुलं लिहितात 'धिस इज द व्हिलेज आय लिव्ह', 'द ग्राउंड वी प्ले इज बिग', 'द चेअर ही सॅट इज ब्रोकन'. म्हणजे शेवटचा 'इन' किंवा 'ऑन' गायब. हुशार मुलंही हेच करतात. मी दरवेळी 'प्रेपोझिशन विसरलास' असा शेरा मारून पुढे जायचे. मग एकदा सहज तीच वाक्यं मराठीत म्हणून पाहिली. 'मी राहतो ते गाव.' 'आम्ही खेळतो ते मैदान.' 'तो बसला ती खुर्ची.' यात 'त' कुठे आहे? 'वर' कुठे आहे? आपण 'ज्या गावात मी राहतो ते गाव' असं म्हणू शकतो, पण म्हणत नाही. 'ज्या गावात' गाळताना त्यातला 'त'सुद्धा त्याच्याबरोबर जातो. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय नामाला चिकटलेलं असतं, नाम गेलं की तेही गेलं. इंग्रजीत 'इन' सुटा शब्द आहे. 'व्हिच' गेला तरी 'इन' मागे राहतो आणि वाक्याच्या टोकाला जाऊन उभा राहतो, 'द व्हिलेज आय लिव्ह इन'. मूल विसरत नाही, ते मराठीत बरोबर विचार करतं. हे कळल्यापासून मी 'विसरलास' म्हणणं बंद केलं. त्याऐवजी विचारते, "गावात राहतोस ना? मग तो 'त' कुठे गेला?" मुलं लगेच 'इन' आणून जोडतात.

इथूनच शब्दयोगी अव्ययांचा विषय निघतो. टू, फॉर, अबाउट, विथ हे शब्द गाळायचे की नाही, याला एक असा नियम नाही. ते त्या त्या क्रियापदाच्या स्वभावावर असतं. पण मुलांच्या चुका कुठल्या होणार हे मराठी जाणणाऱ्या शिक्षकाला आधीच सांगता येतं, कारण त्या मराठीच्या वाटेने येतात. मराठीत 'गाणं ऐकतो' असं म्हणतो, गाण्याला प्रत्यय नाही, म्हणून 'आय लिसन साँग'. हवं 'लिसन टू'. 'माझी वाट बघ' म्हणून 'वेट मी'. हवं 'वेट फॉर मी'. उलट 'त्या विषयावर चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट', 'वर्गात शिरला' म्हणून 'एन्टर्ड इन', 'तिच्याशी लग्न केलं' म्हणून 'मॅरीड विथ', 'शाळेत पोचलो' म्हणून 'रीच्ड टू'. या चारही ठिकाणी इंग्रजीत मधला शब्द नको आहे. डिस्कस, एन्टर, मॅरी, रीच ही क्रियापदं थेट नामाला हात घालतात. 'डिस्कस अबाउट' तर शिक्षकांच्या बैठकीतही सर्रास ऐकू येतं. मीही म्हणत आले आहे, दुसऱ्याला कशाला नावं ठेवू.

'गो टू होम' ही आणखी एक ठरलेली चूक. शाळेला 'टू', बाजाराला 'टू', मग घराने काय केलं? 'होम' इथे 'घरी' या अर्थाने येतो, नुसता 'घर' म्हणून येत नाही. 'घरी'मध्ये प्रत्यय आधीच बसलेला आहे, 'घरीला गेलो' असं आपण म्हणतो का? एवढं विचारलं की वर्ग हसतो आणि पुन्हा सहसा चुकत नाही. हिअर आणि देअर यांचंही तेच, 'कम टू हिअर' नको. वारांचं थोडं निराळं आहे. 'ऑन मंडे' लिहायचं, पण लास्ट, नेक्स्ट, एव्हरी, धिस यापैकी काही आलं की 'ऑन' जातो, 'लास्ट मंडे', 'एव्हरी मंडे'. अमेरिकेत 'सी यू मंडे' असं नुसतंही म्हणतात, आणि 'राइट टू मी'च्या जागी 'राइट मी'सुद्धा. मुलांनी व्हिडिओत ऐकून विचारलं तर चूक म्हणू नका, पण परीक्षेत 'ऑन' आणि 'टू' लिहायला सांगा.

क्रियापदाआधीच्या 'टू'बद्दल थोडक्यात. 'लेट' आणि 'मेक' यांच्यानंतर तो येत नाही, 'लेट मी गो', 'शी मेड मी लाफ'. 'हेल्प'नंतर दोन्ही चालतात. 'मेक'चं वाक्य कर्मणी केलं की 'टू' परत येतो, 'ही वॉज मेड टू स्टँड'. एवढं प्राथमिकला पुरे.

जोड्यांचा प्रकार मात्र फार मजेशीर आहे. जर–तर घ्या. 'जर पाऊस आला तर सामना होणार नाही.' बोलताना यातलं काय गाळतो? 'पाऊस आला तर सामना होणार नाही.' म्हणजे 'जर' गेला, 'तर' राहिला. आता इंग्रजी पाहा. 'इफ इट रेन्स, देन देअर विल बी नो मॅच.' यातला कोणता जातो? 'देन'. 'इफ इट रेन्स, देअर विल बी नो मॅच.' मराठी पहिला गाळते आणि दुसरा ठेवते, इंग्रजी दुसरा गाळते आणि पहिला ठेवते. बरोब्बर उलटं! म्हणून आपली मुलं 'इट रेन्स देन नो मॅच' असं लिहितात. त्यांनी मराठीचा नियम पाळला आहे. फळ्यावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून गाळायच्या शब्दाभोवती गोल करायला सांगा, गोल विरुद्ध बाजूंना पडलेले मुलांना स्वतःलाच दिसतात. 'इफ' गाळायचीही एक वाट इंग्रजीत आहे, 'हॅड आय नोन', पण तिथे शब्दांचा क्रम बदलावा लागतो. ते वरच्या वर्गांसाठी राहू द्या.

जरी–तरीत तर आणखी कडक आहे. 'जरी तो आजारी होता तरी तो शाळेत आला.' मराठीत जोडी शोभून दिसते. इंग्रजीत 'ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम टू स्कूल' हे चूक. 'ऑल्दो' घेतला तर 'बट' नको, 'बट' घेतला तर 'ऑल्दो' नको. इथे गाळलं तर चालेल का असा प्रश्नच नाही, गाळावंच लागतं. 'बिकॉज' आणि 'सो' यांचंही तसंच, एका वाक्यात एकच. हव्या त्या एकाची निवड मुलावर सोडा.

'अँड'बद्दल आपण निवांत असतो, पण समास तिथेही नडतो. आईबाबा, भाऊबहीण, चहापोहे, दोन-चार दिवस. मराठी 'आणि', 'किंवा' सहज पोटात घालते, समास सोडवायला दिला की मग ते बाहेर काढतो. इंग्रजीला ही सवय नाही. 'माय मदर फादर' नाही, 'माय मदर अँड फादर'. 'टू थ्री डेज' नाही, 'टू ऑर थ्री डेज'. पालकांनो, घरी हे तुम्ही सहज करून घेऊ शकता. जेवताना दोन-चार सामासिक शब्द घ्या, आधी मराठीत फोडा, मग इंग्रजीत म्हणा.

मुलांचा एक नेहमीचा आक्षेप असतो, आणि तो खोटा नाही. "बाई, इंग्रजी पेपरच्या मथळ्यात तर निम्मे शब्द नसतात." मथळ्यात जागा कमी असते, पाटीवर अक्षरं मोठी हवी असतात, म्हणून तिथे 'द', 'इज', 'अँड' सगळे कापले जातात. आमच्या लहानपणी तारेचंही हेच होतं. तारेला शब्दांवर पैसे लागायचे, त्यामुळे माणसं 'मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली' एवढ्यात भागवायची. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्यामुळे आजच्या मुलांना तार म्हणजे फक्त कुंपणाची ठाऊक. त्यांना तो नमुना फळ्यावर लिहून दाखवा आणि पूर्ण वाक्यांत लिहायला सांगा. कोणाची आई? कोणी निघायचं? कोणते शब्द पैसे वाचवायला गेले होते ते मुलं एकेक करून परत आणतात. जोडशब्द काय काम करतात हे शिकवायला मला याहून चांगला खेळ सापडलेला नाही.

आता शिक्षकांसाठी तपासणीचा प्रश्न. माझं म्हणणं असं की प्राथमिकच्या मुलाने स्वतः लिहिताना 'दॅट', 'हू', 'व्हिच' पूर्ण लिहावेत, वाक्य जरा जाड दिसलं तरी हरकत नाही. पण एखाद्याने योग्य जागी गाळला असेल तर गुण कापू नयेत. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, एकाला सूट दिली की सगळी मुलं कुठेही गाळत सुटतात. भीती अगदीच निराधार नाही, माझ्या वर्गात दोन आठवडे तसं झालंही. पण बरोबर वाक्यावर लाल रेघ मारली तर मूल पुस्तकातल्या इंग्रजीवरचा विश्वास गमावतं किंवा आपल्यावरचा, आणि दोन्ही महाग पडतं.

लिहिण्यापेक्षा वाचण्यासाठी मात्र गाळलेला शब्द ओळखता येणं जास्त गरजेचं आहे. 'द स्टुडंट फरगॉट द आन्सर वॉज इन द बुक.' हे वाक्य मोठ्याने वाचायला द्या. बहुतेक मुलं 'द स्टुडंट फरगॉट द आन्सर' इथे थांबतात, विद्यार्थी उत्तर विसरला! आणि मग 'वॉज' समोर आल्यावर गोंधळून तुमच्याकडे बघतात. विद्यार्थी उत्तर विसरलेलाच नाही, उत्तर पुस्तकात होतं हे तो विसरला. मी अशी वाक्यं कागदाच्या पट्ट्यांवर लिहून ठेवली आहेत आणि एका छोट्या चौकोनी तुकड्यावर 'दॅट'. तो तुकडा कुठे ठेवला की वाक्य सुरळीत वाचता येईल, हे मुलं गटात शोधतात. 'फरगॉट'नंतर तुकडा ठेवला की एकदम "हां!" असा आवाज येतो. उताऱ्यावरच्या प्रश्नांत ज्यांचे गुण जातात त्यांच्यापैकी बरीच मुलं शब्दांच्या अर्थावर अडलेली नसतात, ती अशा रिकाम्या जागेवर ठेचकाळलेली असतात.

त्या मुलीला तिचा अर्धा गुण परत दिला, सगळ्या वर्गासमोर, आणि कारणही सांगितलं. ती खूश होऊन जागेवर गेली आणि पाच मिनिटांनी पुन्हा टेबलाशी हजर. वहीत तिने लिहून आणलं होतं, 'आय नो दॅट दॅट इज युवर बॅग.' "बाई, यातला कुठला काढायचा?"

मी म्हटलं, मराठीत सांग बघू. ती म्हणाली, "मला माहीत आहे की ते तुझं दप्तर आहे." म्हणजे एक 'की' आणि एक 'ते'. "मग 'ते' काढलं तर दप्तर कुठलं ते कळणार नाही," असं स्वतःशीच पुटपुटत तिने पहिल्या 'दॅट'वर रेघ मारली, आणि वही माझ्याकडे सरकवून लाल पेनाची वाट बघत उभी राहिली.